इंग्रजी येतं, पण पुरावा?

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे, ते सर आम्हाला आठवीत इंग्रजी शिकवायचे. शनिवारी सकाळची शाळा असायची आणि दुसऱ्या तासाला डिक्टेशन. दहा ओळींचा उतारा. आधी सगळा एकदा वाचायचा, मग एकेक वाक्य तीनदा, आणि शेवटी पुन्हा सगळा. तिसऱ्या वेळी सर बाकांमधून फिरत आणि कुणाचं पेन कुठे अडलंय ते बघून नेमके त्याच शब्दाशी रेंगाळत. आम्हाला वाटायचं, सर दमले. पुढे मी स्वतः चौतीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं, तेव्हा कळलं की सर वाट पाहत असत.

आज दुसऱ्या एका डिक्टेशनची गोष्ट सांगतो. ते घालणाऱ्याची इच्छा होती की समोरच्याला एक ओळही लिहिता येऊ नये.

एगॉन किश हा प्रागचा, जर्मनमध्ये लिहिणारा पत्रकार. 1934 साली फॅसिझमच्या आणि युद्धाच्या विरोधात भाषणं करायला तो ऑस्ट्रेलियाला निघाला. तिथल्या सरकारला तो नको होता. मेलबर्नला त्याला ‘स्ट्रॅथेअर्ड’ बोटीवरून उतरू देईनात, तेव्हा या गृहस्थानं सरळ धक्क्यावर उडी टाकली. पाय मोडला. उचलून पुन्हा बोटीवर चढवलं. प्रकरण कोर्टात गेलं, कोर्टानं त्याला सोडा म्हणून सांगितलं. सिडनीत तो सुटतो न सुटतो तोच पोलिसांनी त्याच्यापुढे परीक्षा ठेवली. कायदाच तसा होता: अधिकारी एका युरोपीय भाषेतले पन्नास शब्द वाचून दाखवील, ते उतारूनं लिहायचे. भाषा कोणती, हे अधिकारी ठरवणार. किशला युरोपातल्या बऱ्याच भाषा येत होत्या, म्हणून शोधून शोधून स्कॉटिश गेलिक काढली. किश अर्थातच नापास झाला आणि नापास झाल्याबद्दल त्याला सहा महिन्यांची सजा झाली.

पुढचा भाग आणखी गमतीचा आहे. किशचे वकील हायकोर्टात गेले, आणि न्यायाधीशांनी बहुमतानं निकाल दिला की स्कॉटिश गेलिक ही त्या कायद्याच्या अर्थानं युरोपीय भाषाच नव्हे. किश सुटला. सिडनीतल्या स्कॉटिश मंडळींना मात्र हे इतकं झोंबलं की वर्तमानपत्रांत पत्रांचा पाऊस पडला. आपली भाषा एखाद्याला अडकवायला वापरली, याचा राग किती जणांना आला ते ठाऊक नाही. तिला भाषांच्या पंक्तीतून उठवलं, याचा राग मात्र आला. हे आपल्याकडेही ओळखीचं वाटेल.

ही युक्ती ऑस्ट्रेलियाला स्वतःला सुचलेली नव्हती. तिचं माहेर दक्षिण आफ्रिकेतली नाताळ वसाहत. 1897 च्या जानेवारीत ‘कुरलंड’ आणि ‘नादेरी’ या दोन बोटींतून हिंदुस्थानी उतारू दरबानला उतरणार होते, धक्क्यावर गोऱ्यांचा जमाव जमला, गांधीजी उतरले आणि त्यांना मार बसला, एवढं आपण शाळेत वाचलेलं असतं. त्याच वर्षी नाताळनं एक कायदा केला, तो आपल्या वाचण्यात येत नाही. त्यात हिंदुस्थानी हा शब्द नव्हता. रंग नव्हता, वंश नव्हता. येणाऱ्यानं ठरलेल्या नमुन्यातला अर्ज युरोपीय भाषेच्या लिपीत स्वतः लिहून दाखवावा, अशी अट. वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी त्याच वर्षी लंडनला जमलेल्या वसाहतींच्या पंतप्रधानांपुढे हाच मार्ग ठेवला. कारण उघड होतं. सगळे प्रजाजन समान असं राणीच्या नावानं जाहीर करून बसलेलं साम्राज्य, त्याला ‘काळ्यांनी येऊ नये’ असं कागदावर लिहिता येईना. तेव्हा दार लावायचं, पण पाटी ‘बंद’ची लावायची नाही.

ऑस्ट्रेलियानं 1901 मध्ये हा नमुना उचलला. आधी विचार इंग्रजीच ठेवायचा होता. पण मग मुंबई-मद्रासचा पदवीधर पास व्हायचा आणि जर्मन किंवा स्वीडिश शेतकरी नापास, अशी पंचाईत. म्हणून ‘युरोपीय भाषा’. अधिकाऱ्याला एवढंच बघायचं होतं की ज्याला घ्यायचं नाही त्याला कोणती भाषा येत नाही. 1909 नंतर या परीक्षेत एकही माणूस उत्तीर्ण झाला नाही, आणि 1958 पर्यंत ती कायद्यात राहिली. जिचा निकाल आधी लागतो आणि प्रश्नपत्रिका नंतर निघते, अशी दुसरी परीक्षा मला तरी माहीत नाही.

अमेरिकेनं 1917 मध्ये केलेला कायदा वरवर पाहता उदार. तिथे तीस-चाळीस शब्द वाचून दाखवायचे, पण उतारू सांगेल त्या भाषेत. यिडिश चाले, हिब्रू चाले. म्हणजे मराठीही चालली असती? चालली असती, पण त्याच कायद्यात आशियाचा एक मोठा पट्टा नकाशावर रेघा मारून वर्ज्य केलेला होता आणि हिंदुस्थान त्यात होता. विद्यार्थी आणि असे काही मोजके सोडले तर आपल्या माणसाला ‘वाच’ म्हणण्याची वेळच आली नाही.

आता गोखल्यांकडे वळतो, कारण या सगळ्या रुक्ष कायद्यांमध्ये मला आनंद देणारी गोष्ट ती एकच आहे. 1912 साली गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले. युरोपीय भाषेच्या परीक्षेच्या नावानं हिंदुस्थान्यांना अडवणाऱ्या त्या मुलखात हा माणूस गेला, ज्याचं अंदाजपत्रकावरचं इंग्रजी भाषण ऐकताना व्हाइसरॉयचं कौन्सिल सावरून बसत असे. जोहान्सबर्गमध्ये हिंदुस्थान्यांची सभा होती, तिला कोकणी मुसलमान आणि काही मराठी हिंदूही आले होते. गांधीजींनी गोखल्यांना गळ घातली, तुम्ही मराठीत बोला, भाषांतर मी करतो. गोखल्यांनी त्यांची फिरकी घेतली: तुम्हाला इतकं मराठी कधीपासून यायला लागलं? गांधीजींनी कबूल केलं की मराठी बोलता येत नाही, पण विषय ओळखीचा आहे, मतलब पकडीन. आणि तिथपासून थेट झांजिबारपर्यंत अशा सभांतून गोखले मराठीत बोलत गेले आणि गांधीजी दुभाष्याचं काम करत गेले. गांधीजींनी स्वतःच हे लिहून ठेवलं आहे. त्या दुभाष्याला आजच्या कुठल्याही परीक्षेला बसवलं असतं तर मराठीत शून्य. पण सभेला समजत होतं, आणि गोखलेही तक्रार करत नव्हते.

भाषा येणं ही एक गोष्ट आणि ती येते असं सिद्ध होणं ही दुसरी. पहिलीत दोघं असतात, बोलणारा आणि ऐकणारा. दुसरीत नेहमी एक तिसरा बसलेला असतो, आणि त्याचा हिशेब वेगळा असतो. आज मला जे सांगायचं आहे ते एवढंच, बाकी सगळी उदाहरणं.

आजच्या परीक्षा किशच्या परीक्षेसारख्या नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. परदेशी जाणाऱ्यांसाठीची आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा 1989 पासून चालू आहे. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, शून्य ते नऊ असे बँड, निकष छापलेले, सगळ्यांना सारखे. पीटीई नावाच्या दुसऱ्या परीक्षेत तर बरीच वर्षं कॉम्प्युटरच गुण देत असे, परीक्षक माणूसच नसे. आणि माझा परीक्षेला विरोध नाही. दवाखान्यात ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत जिचा घोटाळा होतो तिच्या हातात माझ्या सलाईनची नळी देऊ नका, असं मीही म्हणेन.

निवृत्तीनंतर मी मिरजेत चार-पाच जणींची आयईएलटीएसची तयारी करून घ्यायचो. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, तेव्हा येणाऱ्या बहुतेक नर्सेस. त्यातली एक, तिला मी सिस्टरच म्हणत असे, नाईट ड्यूटी करून सकाळी नऊला थेट माझ्याकडे यायची. डोळे लाल, डब्यातली पोळी अर्धी उरलेली. बोलण्याच्या परीक्षेत क्यू कार्ड देतात: एक मिनिट विचार करा आणि दोन मिनिटांपर्यंत बोला. मी कार्ड दिलं, ‘तुम्हाला मदत केलेल्या शेजाऱ्याबद्दल सांगा.’ घड्याळ लावलं.

‘माय नेबर इज अ व्हेरी हेल्पफुल पर्सन. शी इज व्हेरी काइंड. शी ऑलवेज हेल्प्स अस.’ मग थांबली. ‘शी इज... व्हेरी काइंड.’ अडतीस सेकंद झाले होते.

मी म्हटलं, कार्ड बाजूला ठेव, मला मराठीत सांग. सिस्टर सांगायला लागली. 2005 चा पूर, ती तेव्हा शाळेत. पाणी ओसरीला लागलं तेव्हा शेजारच्या काकूंनी यांचं ज्वारीचं पोतं आपल्या माळ्यावर ओढून घेतलं, स्वतःची गादी भिजली तरी. पाणी उतरल्यावर काकूंनी ते पोतं परत दिलं, ते तोंड शिवून. का शिवलं? तर माळ्यावर उंदीर होते. हे सांगताना तिला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. सहा मिनिटं झाली, मी घड्याळ बंद केलं.

आता या मुलीला बोलता येत नाही असं कोण म्हणेल? पण परीक्षेच्या चार निकषांत ओघ आहे, शब्दसंपत्ती आहे, व्याकरण आहे, उच्चार आहेत. शिवलेल्या पोत्याला कुठे गुण नाहीत. मी सांगितलं, हेच सांग, मोडकं सांग, पण हेच सांग. ‘सर, माळ्याला काय म्हणायचं?’ तिनं विचारलं. म्हटलं, वरची खोली म्हण, छताखालची जागा म्हण, परीक्षक काही तुझ्या घरी माळा बघायला येणार नाही. तिसऱ्या आठवड्यात काकू इंग्रजीत आल्या. दीड मिनिट टिकल्या. उंदीर आल्यावर ती स्वतःच हसली, आणि ते हसणंही त्या दीड मिनिटातच मोजलं गेलं.

लिहिण्याचं मात्र जमेना. चाळीस मिनिटांत अडीचशे शब्दांचा निबंध: सरकारनं पैसा रस्त्यांवर खर्च करावा की रेल्वेवर, दोन्ही बाजू मांडा, स्वतःचं मत द्या. गावोगावच्या क्लासेसनी यावर साचे करून ठेवलेत. ‘इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड’नं सुरुवात आणि ‘टू कन्क्लूड’नं शेवट. मधे रस्ते घाला नाहीतर प्लास्टिक घाला, साचा तोच. सिस्टरला मी मत विचारलं तर म्हणाली, ‘सर, आमच्याकडची एसटी वेळेवर आली तरी पुरे.’ मत पक्कं होतं आणि खरं होतं, पण त्याचे अडीचशे शब्द होत नव्हते.

2018 च्या जुलैत तिचा निकाल लागला. ऐकण्यात साडेसात, वाचनात सात, बोलण्यात सात, लिहिण्यात साडेसहा. एकूण सात. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला तेव्हा चारही भागांत सात हवे होते. म्हणजे नापास. अशा वेळी पोरी एकमेकींना ‘रायटिंग अडकलं’ असं सांगतात, जसं बोरवेलमध्ये पंप अडकला म्हणावं तसं. पुन्हा फी भरायची. आजच्यापेक्षा ही फी तेव्हा कमी होती, पण तिचा पगारही तेव्हा काय होता!

तिनं पैसे जमवायला घेतले, आणि डिसेंबरात कौन्सिलनं नियम बदलला. लिहिण्यात साडेसहा चालतील. तेच गुणपत्रक, तेच आकडे, कपाटातल्या त्याच प्लास्टिकच्या पिशवीत. जुलैत तिचं इंग्रजी अपुरं होतं, डिसेंबरात पुरेसं झालं. मधल्या पाच महिन्यांत तिनं इंग्रजीचं एक पान वाचलं नव्हतं. सलग नाईट मारत होती. तिला किती येतं ते तिला जुलैतही माहीत होतं. तिकडच्या वॉर्डांत नर्सेस किती कमी आहेत, हे मोजणारा तिसरा माणूस मधे बसलेला होता, त्याचा हिशेब बदलला.

मला यात कपट दिसत नाही. प्रत्येक दुकानदार वजन करतो. पण वजनाचं माप दुकानातल्या मालावर ठरतं, ही गोष्ट आपल्या मुलांना कुणी सांगत नाही, आणि मग साडेसहा आल्यावर ती पोर घरी येऊन म्हणते, ‘मला इंग्रजी येतच नाही.’

ऑस्ट्रेलियात कायम राहायला जाणाऱ्यांसाठी गुणांची पद्धत आहे. आयईएलटीएसमध्ये सगळीकडे सहा असले तर अर्ज करता येतो, पण गुण शून्य. सात असले तर 10 गुण, आठ असले तर 20. सहावाल्याला काम जमेल असं त्यांनीच मान्य केलेलं आहे. वरचे 20 गुण कामासाठी नाहीत, रांगेत पुढे सरकण्यासाठी आहेत. आणि आठ हा आकडा काय असतो! 2017 मध्ये एका आयरिश पशुवैद्य बाईंची बातमी जगभर झाली. जन्मापासून इंग्रजी, दोन पदव्या इंग्रजीतून. त्याच वरच्या पातळीसाठी पीटीईच्या तोंडी भागात 79 हवे होते, कॉम्प्युटरनं 74 दिले. आपल्याकडे ही बातमी लोकांनी फार आवडीनं एकमेकांना पाठवली. मलाही तीन ठिकाणांहून आली. मी हसलो, आणि मग वाटलं, ती आयरिश असल्यामुळे बातमी झाली. मिरजेच्या बाईला 74 मिळाले तर बातमी होत नाही, कारण तिला कमीच मिळणार हे सगळ्यांनी आधीच धरलेलं असतं. तिनं स्वतःसुद्धा.

काही पासपोर्टांना ही परीक्षाच माफ असते. ब्रिटनला जाणाऱ्या अमेरिकन, ऑस्ट्रेलियन किंवा जमैकाच्या नागरिकाला इंग्रजी सिद्ध करावं लागत नाही. जिच्या सर्वोच्च न्यायालयाचा कारभार इंग्रजीत चालतो त्या भारताच्या नागरिकाला करावं लागतं. गोव्याची गंमत तर याहून वेगळी. आजोबा पोर्तुगीज अमलाखाली जन्मले म्हणून नातवानं पोर्तुगीज नागरिकत्व काढलं, आणि ब्रिटन युरोपीय संघात होतं तोवर तो सरळ स्विंडनला जाऊन कामाला लागला. त्याला ना कुणी इंग्रजी विचारलं ना पोर्तुगीज. स्विंडनमध्ये आज गोवेकरांची मोठी वस्ती आहे आणि तिथे कोंकणी ऐकू येते. ब्रेक्झिटनंतर दार बदललं. तेच गोवेकर, तेच इंग्रजी, आणि धाकट्या भावाला आता परीक्षा.

पंजाबात तर बँडला हुंडा मिळाला. चांगले बँड असलेली मुलगी हवी, कॅनडाचा खर्च मुलाकडचे करतील, अशा जाहिराती तिथल्या वर्तमानपत्रांत येत असत. आपल्याकडे अजून पत्रिकेत बँड छापत नाहीत. अजून.

आणि पुरावाच उलटला तर काय होतं, याचंही उदाहरण ब्रिटनमध्येच घडलं. 2014 च्या फेब्रुवारीत बीबीसीनं काही केंद्रांवर टोइक परीक्षेत बदली उमेदवार बसवतात हे दाखवलं. फसवणूक होती, हे खरंच. पण मग ती घेणाऱ्या कंपनीनं आवाज तपासून ब्रिटनमधल्या 58 हजारांहून जास्त परीक्षांपैकी 33 हजारांहून जास्त बाद ठरवल्या आणि आणखी 22 हजारांवर शंका घेतली. सगळ्या परीक्षांपैकी जेमतेम 3 टक्के स्वच्छ! तिथल्या लेखापरीक्षकांच्या 2019 च्या अहवालात हे आकडे आहेत. आपली आणि बांगलादेशातली कितीतरी मुलं यात सापडली. त्यांतले काही कोर्टात उभे राहून, अस्खलित इंग्रजीत, आपण स्वतःच परीक्षा दिली होती असं वर्षानुवर्षं सांगत राहिले. बऱ्याच जणांनी खटले जिंकले. पण तोवर कुणाचं शिक्षण सुटलं होतं, कुणाचं लग्न मोडलं होतं.

आता जाता जाता एक व्याकरणाचा मुद्दा. मास्तर आहे, त्याशिवाय राहवणार नाही. मराठीत आपण ‘मला इंग्रजी येतं’ म्हणतो. भाषा आपल्याकडे चालत येते, पोहणं येतं तशी. पाण्यात पडलात, गटांगळ्या खाल्ल्या, आलं. एकदा आलेलं पोहणं वीस वर्षांनीही जात नाही. परीक्षेचं प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी दोन वर्षांनी संपतं. पंचेचाळीस वर्षांच्या, परदेशी कंपनीशी रोज इंग्रजीत भांडणाऱ्या माणसालाही अर्ज लांबला की दोन वर्षांनी पुन्हा बसावं लागतं. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, ते समजतं. चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं होतं, त्या दुधावर तारीख छापायची कल्पना त्यांनाही सुचली नसती.

सिस्टर 2019 मध्ये यॉर्कशायरला गेली. पहिला महिना रोज रात्री फोन. थंडीची तक्रार नाही, कामाची नाही. ‘सर, मला यांचं काही कळतच नाही. लिसनिंगमध्ये साडेसात होते ना मला?’ साडेसात होते. पण ते कॅसेटमधल्यासारखं स्वच्छ बोलणाऱ्या लोकांचं इंग्रजी होतं. वॉर्डात नव्वदीच्या आजीबाई होत्या, दात काढून ठेवलेल्या, यॉर्कशायरच्या ठसक्यात बोलणाऱ्या. सिस्टर सकाळी पडदा सरकवून आत गेली की त्या म्हणायच्या, ‘नाऊ देन.’ हिला वाटायचं, आजी रागावल्यात, काहीतरी राहिलंय. ही गोंधळून औषधांचा तक्ता बघायची, पाणी द्यायची, उशी सारखी करायची. आजी दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘नाऊ देन’.

पंधरा दिवसांनी तिला उलगडलं. कुणी सांगितलं नाही; एकदा दोन वॉर्डबॉय कॉरिडॉरमध्ये भेटले आणि एकमेकांना तेच म्हणाले. फोनवर मला म्हणाली, ‘सर, ते आपलं “काय मग!” आहे. त्या आजी मला रोज “काय मग” म्हणत होत्या आणि मी रोज त्यांची उशी सारखी करत होते.’

आता ती आत गेली की आजी ‘नाऊ देन’ म्हणतात, ती मनातल्या मनात ‘काय मग, काकू’ म्हणते आणि ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळायला घेते.